विद्येची गोडी

गरिबांच्या मुलांना विद्येची गोडी नाहीं, ही तक्रार महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासांत फार जुनी आहे. शाळाखात्याच्या अहवालांतून ती आढळते, शिक्षकांच्या तोंडीं ती असते, आणि सुखवस्तु घरांतील बोलण्यांतहि ती सहज येऊन जाते. शाळा जवळ आहे, फी माफ आहे, पाटी-पुस्तकहि कोणी तरी देतो. मग पोर दोन दिवस येऊन तिसऱ्या दिवशीं नाहींसें कां होतें, असा प्रश्न केला जातो. आणि त्या प्रश्नांतच उत्तर गृहीत धरलेलें असतें. दोष पोराचा, नाहीं तर त्याच्या आईबापांचा.

ह्या तक्रारीला महाराष्ट्रांत एका अधिकारी पुरुषानें नीट, लेखी उत्तर दिलें, त्याला आतां दीडशें वर्षें होत आलीं. हिंदुस्थान सरकारनें सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेलें शिक्षण कमिशन १८८२ सालीं मुंबई इलाख्यांत साक्षी गोळा करीत होतें. पुण्याचे जोतीराव गोविंदराव फुले यांनीं त्याच्यापुढें इंग्रजींत एक निवेदन ठेवलें. त्याची तारीख १९ ऑक्टोबर १८८२. त्या वेळीं सरकारचा कल असा होता कीं, शाळा खासगी मंडळींनीं चालवाव्या, इन्स्पेक्टरानें परीक्षा घ्यावी, आणि जितका निकाल तितकें अनुदान द्यावें. हिशेबाला ही पद्धत सोयीची होती. जोतीरावांचें म्हणणें असें कीं, गरीब आणि अशिक्षित लोकांमध्यें ती मुळींच चालावयाची नाहीं. कारण त्यांच्यांत विद्येची गोडी अजून उत्पन्न व्हावयाची आहे. अशा वस्तींत स्वतःच्या जोखमीवर शाळा काढून कोणाहि शिक्षकाचें पोट भरणार नाहीं. म्हणून ती गोडी उत्पन्न होईपर्यंत सरकारी शाळा आणि मुलांना खास उत्तेजन हीं दोन्ही अवश्य आहेत.

वरवर पाहतां जोतीरावहि तीच तक्रार करतात असें वाटेल. गोडी नाहीं, हें तेहि कबूल करतात. पण अहवाल लिहिणारा अधिकारी ज्या ठिकाणीं वाक्य संपवितो, तेथून जोतीराव सुरुवात करतात. गोडी घरून घेऊन यावी आणि मग शाळेनें विद्या द्यावी, हा क्रम त्यांना मान्य नाहीं. ज्या घरांत चार पिढ्या अक्षर आहे तेथें ती गोडी मुलाला न मागतां मिळते. ज्या घरांत अक्षरच कधीं शिरलें नाहीं तेथें ती कोठून यावी? ती लावणें हें शाळेचेंच पहिलें काम. निवेदनांतील बाकीच्या मागण्या ह्याच एका विचारांतून निघालेल्या आहेत. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें असावें. शिक्षक शक्य तों शेतकरी वर्गांतून घ्यावे. म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि लोकांच्या अडचणी त्यांना कळतील. त्यांचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा. मोडी आणि बाळबोध लिहिणें-वाचणें, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतकीचीं मूलतत्त्वें, आरोग्याचे नियम, असा अभ्यासक्रम असावा. पोराला घरीं गेल्यावर ज्याचा उपयोग दिसेल तें त्याला शिकवावें, असा हा रोख आहे. शिवाय जेथें विद्येचा प्रसार झालेला नाहीं तेथें बक्षिसें आणि शिष्यवृत्त्या सढळ द्याव्या. त्याच निवेदनांत पुणें शहराचा एक हिशेब आहे: महार-मांगादि लोकांची वस्ती पांच हजारांवर, त्यांच्यासाठीं शाळा एक, आणि तींतील हजेरी तीस मुलांच्या आंत.

हें बोलण्याचा अधिकार जोतीरावांना दुहेरी होता. त्यांतला पहिला त्यांच्या स्वतःच्या बालपणानें दिला. त्यांचे वडील गोविंदराव फुलांचा व भाजीचा धंदा करीत. मुलगा शाळेंत जात होता, तो त्यांनीं मध्येंच काढून घेतला आणि मळ्यांत कामाला लावला. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर जोतीराव हे शाळेंतून गळालेलें मूल होतें. पुढें शेजारचे मुन्शी गफ्फार बेग आणि लिजिटसाहेब ह्या दोन गृहस्थांनीं गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ मध्यें मुलगा स्कॉटिश मिशनच्या शाळेंत पुन्हा गेला. तेव्हां त्याचें वय चौदा वर्षांचें होतें. मळ्यांत कुदळ धरणारा मुलगा आणि शाळेंत इंग्रजी शिकणारा मुलगा एकच होता. मधल्या काळांत त्याच्या बुद्धींत कांहीं फरक पडला नव्हता. फरक पडला तो दोन शेजाऱ्यांमुळें. असे शेजारी न मिळालेल्या मुलांचीं नांवें कोणत्याहि इतिहासांत नाहींत.

दुसरा अधिकार अनुभवाचा. १८४८ सालीं पुण्यास बुधवार पेठेंतील भिडे यांच्या वाड्यांत जोतीरावांनीं मुलींची शाळा काढली. शिकविण्यास स्त्री हवी, म्हणून पत्नी सावित्रीबाईंना त्यांनीं स्वतः शिकवून तयार केलें. शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण-चिखल टाकीत, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वांना ठाऊक आहे. वडिलांवर समाजाचें दडपण आलें, आणि १८४९ मध्यें ह्या जोडप्याला घर सोडावें लागलें; त्यांना आसरा दिला तो उस्मान शेख यांनीं. इतकें होऊनहि काम थांबलें नाहीं. १८५१ च्या जुलै महिन्यांत बुधवार पेठेंतच चिपळूणकरांच्या वाड्यांत, सप्टेंबरांत रास्ता पेठेंत आणि १८५२ च्या मार्चांत वेताळ पेठेंत मुलींच्या शाळा निघाल्या. महार-मांगांच्या मुलांसाठीं वेगळ्या शाळा सुरू झाल्या, आणि त्या कामासाठीं १८५३ मध्यें एक मंडळीहि स्थापन झाली.

ह्या शाळांतून जें घडलें तें गोडीच्या प्रश्नाच्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. १८५२ च्या मे महिन्यांत ‘पूना ऑब्झर्व्हर’ पत्रानें असा अभिप्राय दिला कीं, जोतीरावांच्या शाळांतील मुलींची संख्या सरकारी शाळांतील मुलांच्या दसपट आहे. आणि ह्याचें कारण, तेथील शिकविण्याची पद्धत सरकारी शाळांहून पुष्कळच सरस आहे. मुलीला शिकविणें म्हणजे धर्म बुडविणें असें मानणाऱ्या शहरांत ही स्थिति होती. १८५३ च्या फेब्रुवारींत मुलींची जाहीर परीक्षा झाली, तेव्हां २३७ मुली परीक्षेस बसल्या होत्या आणि ती पाहावयास तीन हजारांवर लोक जमले होते. त्या काळीं जाहीर परीक्षा हा एक सोहळा असे. चिखल फेकणारें शहर आणि परीक्षा पाहावयास लोटणारें शहर एकच होतें, हेंहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

पटावरील आंकड्यापेक्षां बोलका पुरावा एका मुलीनें ठेवला आहे. मुक्ता साळवे ही मांग समाजांतील मुलगी जोतीरावांच्या शाळेंत शिकत होती. तीन वर्षांच्या शिक्षणावर तिनें आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला, आणि तो ‘ज्ञानोदय’ पत्राच्या १८५५ सालच्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांतील अंकांत छापला गेला. शाळेंत घालण्याचा निबंध म्हणजे ऋतूंचें वर्णन नाहीं तर सत्य बोलण्याचे फायदे, अशी कल्पना पुढें शंभर वर्षें चालली. मुक्तेनें मात्र आपल्या माणसांवर पेशवाईंत काय गुदरलें हें लिहिलें, आणि ज्यांना कोणताहि धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार नाहीं त्यांचा धर्म कोणता, असा सवाल टाकला. लिहावयास स्वतःचा विषय मिळाला, आणि तो लिहिला तर कोणी वाचील असा भरंवसा मिळाला, कीं तीन वर्षांचें शिक्षण कोठवर पोंचतें ह्याचा हा दाखला आहे.

मुलें टिकावींत म्हणून ह्या शाळांत मुलांना पैशाच्या रूपानेंहि थोडी मदत दिली जात असे. ह्याला कोणी आमिष म्हणेल. पण मोलमजुरीच्या घरांत सहा-सात वर्षांच्या पोराचीहि कांहीं कमाई असते. तें शाळेंत बसलें कीं ती बुडते. फी माफ केली म्हणजे शिक्षण फुकट झालें, ही समजूत ज्यांच्या घरीं मुलांची कमाई लागत नाहीं त्यांची आहे. प्रौढांची अडचण आणखी निराळी. त्यांचा दिवस पोटासाठीं गेलेला. त्यांच्यासाठीं जोतीराव व सावित्रीबाई यांनीं १८५५ मध्यें रात्रीची शाळा उघडली. त्याच वर्षीं जोतीरावांनीं लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकांतील कुणबी नवरा-बायको शेवटीं अशाच रात्रीच्या शाळेची वाट धरतात.

१८५७ च्या बंडानंतर युरोपियन हितचिंतकांची वर्गणी आटली आणि ह्या शाळांना उतरती कळा लागली. मुलांची गोडी मावळली म्हणून त्या खालावल्या नाहींत, पैसा संपला. हा कार्यकारणभाव ध्यानांत घेतला म्हणजे १८८२ च्या निवेदनांत सरकारी खजिन्यावर इतका भर कां, हें कळतें. लोकांच्या वर्गणीवर गोडी लावतां येते, टिकवितां येत नाहीं, हा धडा जोतीराव स्वतःच्या हातानें शिकले होते.

पुण्याच्या पेठांतून हा प्रश्न मुंबईच्या चाळींत गेला तो गिरण्यांबरोबर. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानें सात वर्षांखालील मुलांना गिरणींत घेण्याची बंदी केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाचे नऊ तास काम ठरवून दिलें. ही सुधारणा होती, हें सांगितल्याशिवाय खरें वाटणार नाहीं! १८९१ मध्यें वयाची मर्यादा नऊवर गेली आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे तास सातवर आले. सात तास साच्याजवळ काढलेल्या मुलाला संध्याकाळीं कित्ता गिरवावयास बसविलें आणि तें पेंगलें, तर तें मठ्ठ ठरत असे. प्रार्थना समाजानें १८७६ पासून कामकऱ्यांसाठीं रात्रीच्या शाळा चालविल्या. १८ ऑक्टोबर १९०६ रोजीं विठ्ठल रामजी शिंदे यांनीं परळास डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा उघडली. त्यांच्या भगिनी जनाबाई ह्याहि त्या कामांत होत्या. १९११ मध्यें नारायण मल्हार जोशी यांनीं सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिनें गिरणगांवांत रात्रीच्या शाळा व वाचनालयें उघडलीं.

ह्याच परळांत, डबक चाळीच्या एका खोलींत, सुभेदार रामजी आंबेडकर यांचें कुटुंब राहत होतें. तीच खोली स्वयंपाकाची, तीच निजण्याची, तीच अभ्यासाची. परीक्षेच्या दिवसांत रामजी मुलाला लौकर निजवीत, आपण रात्रीं दोनपर्यंत जागत आणि मग त्याला उठवून स्वतः पडत. कारण घर शांत असे तें तेवढाच वेळ. पुस्तकांसाठीं त्यांनीं लेकींचे दागिने गहाण टाकले. १९०७ मध्यें मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलांतून मॅट्रिक झाला. ह्या यशाचें श्रेय बुद्धीला देऊन मोकळें होणें सोपें आहे. परंतु मधल्या एका माणसाला विसरतां येत नाहीं. विल्सन हायस्कुलांतील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांना हा मुलगा चर्नी रोडच्या बागेंत नेहमीं वाचीत बसलेला दिसे. त्यांनीं त्याची चौकशी केली आणि त्याला पुस्तकें दिलीं. मॅट्रिकनंतरच्या सत्कारांत त्यांनीं आपण लिहिलेलें बुद्धचरित्र त्याच्या हातीं ठेवलें. आणि कॉलेजचा खर्च अडला तेव्हां सयाजीराव महाराजांशीं गांठ घालून दरमहा पंचवीस रुपयांची वृत्ति मिळवून दिली. केळुसकर त्या मुलाच्या शाळेंतले शिक्षक नव्हते. जोतीरावांच्या बाबतींत गफ्फार बेग आणि लिजिट यांनीं जें केलें, तेंच साठ-पासष्ट वर्षांनीं येथें घडलें.

तो मुलगा पुढें मुंबई कायदेमंडळांत बसला. १२ मार्च १९२७ रोजीं शिक्षणाच्या खर्चावर बोलतांना डॉ. आंबेडकरांनीं सभागृहापुढें हिशेब मांडला कीं, प्राथमिक शाळेंत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकीं चौथीपर्यंत अठराच पोंचतात. उरलेलीं ब्यायशीं पुन्हा निरक्षर होतात. सरकार दारूवरील करांतून लोकांकडून जेवढें घेतें निदान तेवढें तरी शिक्षणावर खर्च करावें, असेंहि त्यांनीं सुनावलें. कायदे त्याआधींच होऊं लागले होते. बडोद्यांत १९०६ मध्यें सर्व राज्यभर सक्ती झाली. गोखल्यांनीं १९११ मध्यें मांडलेलें विधेयक पुढच्या वर्षीं फेटाळलें गेलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ मध्यें शिक्षण मोफत व सक्तीचें केलें आणि मूल न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. सक्तीनें पोर वर्गांत आणतां येतें. ब्यायशींचा आंकडा मात्र आलेल्या मुलांचा आहे, न आलेल्यांचा नव्हे.

मराठवाड्याची गोष्ट ह्याहून अवघड होती. ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगारांत काम केलेले एक तरुण, व्यंकटेश खेडगीकर, पुढें निजामाच्या राज्यांत हिप्परगें येथील राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक झाले; तेच स्वामी रामानंद तीर्थ. मुंबईच्या चाळींत शाळा नव्हती तर ती काढतां येत असे. निजामी मुलुखांत शाळा निघाली तरी ती कोणत्या भाषेंत शिकविणार, हा पहिला प्रश्न होता. आज लातूर जिल्ह्यांत असलेलें अहमदपूर तेव्हां बीदर जिल्ह्यांत होतें. मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू अशा चार बोली ज्या जिल्ह्यांत नांदत होत्या तो हा जिल्हा. राज्याचा कारभार उर्दूंत. १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. तें देशी भाषेंतून उच्च शिक्षण देणारें म्हणून गाजलें, आणि ती कीर्ति खोटी नव्हती. पण त्या धोरणाबरोबर माध्यमिक शाळाहि उर्दूंतून चालूं लागल्या. अहमदपुरासारख्या तालुक्याच्या गांवांतील मराठी कष्टकऱ्याचें पोर धुळाक्षरें मराठींत शिके, आणि अभ्यासाला रंग चढण्याच्या वयांत, चौथीच्या पुढें, इतिहास, भूगोल, गणित हें सारें त्याला दुसऱ्याच भाषेंत भेटे. तेथें मुलगा अडला तर शिक्षकाला वाटे, ह्याला गणित येत नाहीं. आणि मुलालाहि तसेंच वाटूं लागे. घरीं विचारावें तर कोणाला ती लिपि ठाऊक नाहीं. सुखवस्तु घरें मुलाला शिकवणी लावून ही खाई ओलांडीत. मजुराच्या घराला तो मार्ग नव्हता. तथापि सगळा दोष भाषेच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. उर्दू ज्यांची घरची भाषा होती त्या गरीब मुसलमान कारागिरांचीं पोरेंहि कांहीं सरसकट शाळेंत गेलीं नाहींत. पोटाची अडचण दोघांना सारखी होती. मराठी पोराला तिच्यावर ही दुसरी होती.

अंबाजोगाईची योगेश्वरी नूतन शाळा १९१७ मधील आणि हिप्परग्याची १९२१ मधील. ह्या शाळांनीं मराठींतून शिकवून एक पिढी घडविली आणि हैदराबादच्या मुक्तिलढ्याला कार्यकर्ते दिले. हा मान त्यांचाच. परंतु त्यांचा लाभ मुख्यतः मध्यम स्थितींतील घरांना झाला. गल्लीबोळांतला मजूर बाहेरच राहिला. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली. १९५१ च्या जनगणनेंत हैदराबाद राज्यांत शंभरांमागें साक्षर माणसें नऊच्या आसपास भरलीं. १९५६ मध्यें राज्याची पुनर्रचना होऊन अहमदपूर उस्मानाबाद जिल्ह्यांत आलें आणि १९८२ मध्यें नव्या लातूर जिल्ह्यांत.

राजवट पालटल्यावर उच्च शिक्षणांत जें मोठें पाऊल पडलें तें औरंगाबादेस. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें मुंबईस १९४६ मध्यें सिद्धार्थ कॉलेज काढलें, तेव्हां नोकरी करणाऱ्या मुलांसाठीं वर्ग सकाळीं ठेवले होते. १९५० मध्यें तिनेंच औरंगाबादेस काढलेलें कॉलेज पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालें. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आणि तालुक्यांच्या गांवांतून पहिल्या पिढीचीं मुलें तेथें आलीं. वसतिगृह होतें, ग्रंथालय होतें, आणि प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखे शिक्षक होते. ज्यांना विद्येची गोडी नाहीं असें म्हटलें जाई त्याच वस्त्यांतील मुलांनीं तेथून पुढें मराठी वाङ्मयाची दिशा पालटली; दलित साहित्याचा इतिहास ह्या आवाराला वगळून लिहितां येत नाहीं. मुक्ता साळवेच्या निबंधापासून तेथपर्यंत शंभर वर्षांचा काळ गेला होता.

लातूरची ख्याति आतां निराळ्या कारणानें आहे. तेथील महाविद्यालयांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस परीक्षेच्या तयारीची जी शिस्त घातली ती ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ओळखली जाते, आणि आसपासच्या तालुक्यांतून मुलें लातुरास खोली घेऊन राहतात. अहमदपूरचींहि त्यांत असतात. मेहनत तेथें खरी आहे. पण ज्याला खोलीचें भाडें आणि शिकवणीची फी झेपते त्याच्यापुरता तो मार्ग आहे. जोतीरावांनीं निकालावर अनुदान देण्याच्या पद्धतीविषयीं जें म्हटलें होतें तें येथें आठवल्यावाचून राहत नाहीं. गोडी आधीं लागलेल्यांची ती शर्यत आहे.

ज्यांना ती लागावयाची आहे अशांसाठीं कायद्यानें बरेंच केलें. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे. १९९५ पासून दुपारच्या आहाराची योजना आहे, आणि गरीब वस्तीच्या शाळेंत तिच्याइतकें हजेरीला बळ देणारें दुसरें कांहीं क्वचितच असेल. जोतीरावांनीं मागितलेलें रोख उत्तेजनहि आलें. महाराष्ट्र सरकारनें जानेवारी १९९२ मध्यें मागास वर्गांतील पहिली ते चौथीच्या गरीब मुलींना उपस्थिति-भत्ता सुरू केला: हजर असलेल्या दिवसाला एक रुपया. त्या वेळीं त्या रुपयांत वही नाहीं तरी पेन्सिल येत असे. दर वर्षीं महागाई वाढली, पेन्सिलीची किंमत वाढली, शिक्षकांचे पगार वाढले. तो रुपया मात्र पुढें कित्येक वर्षें रुपयाच राहिला.